राखेच्या विटांचा सव्वा महिना

नगर स्टेशनावरून त्या काळात जेवढी म्हणून वाफेची इंजिनं गेली, त्यांच्या पोटातली निम्मी राख रेल्वेने फेकून दिली आणि उरलेली निम्मी आमच्या थोरल्या साडूंनी घरी आणली, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती आहे हे मला मान्य आहे. पण फार नाही. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, रेल्वेत मुकादम होते. इंजिन येऊन थांबलं की त्याची भट्टी झाडायची, राख खालच्या खड्ड्यात पाडायची आणि गार झाली की ती उपसून बाजूला ढीग लावायचा, ही कामं करणारी माणसं त्यांच्या हाताखाली. दुसरा कोणी असता तर संध्याकाळी अंघोळ करून दिवसभराची राख विसरला असता. आमचे साडू अंघोळ करत, स्वच्छ सदरा घालत, आणि मग राखेविषयी बोलायला बसत.

माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. आहेर करायला ते पुढे आले आणि रंगीत कागदात गुंडाळलेला एक डबा त्यांनी माझ्या हातात ठेवला. डबा चांगला जड होता. मला वाटलं, पेढे असतील. उघडून पाहिलं तर आत वस्त्रगाळ केलेली करडी राख. मांडवात हशा पिकला, माझी बायको लाजेने लाल झाली, पण साडूंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. ते म्हणाले, "हसू द्या लोकांस्नी. पाव्हनं, लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, दूध नासतं. राखेचं काय व्हतं सांगा? काय बी न्हाई! जे व्हायचं ते तिचं होऊन गेलंय." मी डबा बंद करून भांड्यांच्या आहेराशेजारी ठेवला.

त्यांच्या घरी दात राखेने घासले जात, भांडी राखेने घासली जात, आणि कडधान्याला कीड लागू नये म्हणून डब्यांत राखच असे, त्यामुळे तिथे जेवताना उसळीत दाताखाली बारीकसं काहीतरी करकरलं तर बोलायचं नाही, असा पाहुण्यांनी आपणहून पाळलेला नियम होता. कोंबड्यांना पिसवा झाल्या, टाक राख. मुंग्यांची रांग लागली, आख राखेची रेघ. एकदा त्यांनी शेजारच्यांच्या वांग्यांवर कीड पडली म्हणून सकाळीच उठून, न विचारता, सबंध वाफ्यावर राख उधळली. कीड मेली. वांगीही मेली. शेजारीण भांडायला आली तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "कीड ऱ्हायली का? न्हाई ना? मग?" माझे केस विरळ व्हायला लागले तेव्हा त्यांनी माझ्यावरही एक प्रयोग केला होता. वांग्यांचं झालं तेच माझ्या केसांचं झालं, एवढंच सांगतो. त्यामुळे साडू एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगायला लागले की आम्ही सगळे मान डोलवायचो, आणि आपापल्या मनात ती गोष्ट करायची नाही असं ठरवून टाकायचो.

पण विटांच्या बाबतीत तसं करता आलं नाही. मी तारघरात नोकरीला होतो आणि पुणे रस्त्यावर केडगावला घरासाठी एक जागा घेऊन ठेवली होती. नगरमध्ये आम्ही राहायचो ती जागा भाड्याची, दीड खोलीची. घर बांधायची घाई मला नव्हती, बायकोला होती, आणि तिच्या घाईचं कारण होतं तिची आई. सासूबाई भिंगारला एका खोलीत एकट्याच राहत. मुलगा नाही, दोन्ही मुलीच. बाळंतिणीची आणि तान्ह्या बाळाची सव्वा महिना देखरेख करण्यात त्यांचा असा काही लौकिक होता की भिंगारात नवी सून गरोदर राहिली की डॉक्टरच्या आधी त्यांना वर्दी जाई. त्यांच्या खोलीच्या मालकाने मुलाचं लग्न काढलं आणि नव्या जोडप्यासाठी ती खोली मागितली. वैशाखात लग्न, त्याआधी खोली रिकामी हवी. साडूंच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये माणसांत माणूस मावत नव्हतं. आणि मुलीच्या घरी, तेही भाड्याच्या दीड खोलीत, जावयाच्या पाटाला पाट लावून राहायचं ही कल्पनाच सासूबाईंना सहन होत नव्हती. "त्यापरीस मी देवळाच्या वसरीत ऱ्हाईन," असं त्या म्हणायच्या, आणि त्या बोलून दाखवायच्या ते करायच्या. शेवटी बायकोने त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की नव्या घरात त्यांना स्वतंत्र दार असलेली स्वतंत्र खोली मिळाली तर त्या येतील. म्हणजे वैशाखाच्या आत घर उभं राहिलं तर सासूबाई आमच्याकडे, नाही तर देवळाच्या ओसरीत. बायको रात्री झोपेतही बांधकामाबद्दल बोलायची.

दगडी जोतं झालं, आणि तिथेच घोडं अडलं. ते साल दुष्काळाचं. पाऊस आधीच्या साली रुसलेला, त्या साली तर त्याने तोंडच दाखवलं नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले आणि आमच्या भागातल्या वीटभट्ट्या एकामागून एक बंद पडल्या, कारण माती कालवायला पाणी नाही. एका भट्टीवर थोडा माल शिल्लक होता. तो बघायला मी आमच्या गवंड्याला घेऊन गेलो. गवंडीबुवांनी दोन विटा उचलून एकमेकींवर वाजवल्या. चांगली भाजलेली वीट ठणकन वाजते. या विटा, दोन भाकऱ्या एकमेकींवर आपटाव्यात तशा वाजल्या. गवंडीबुवांनी एक नमुन्याला पिशवीत टाकली, दुसरी जागेवर ठेवली आणि परतीची वाट धरली. श्रीरामपूरकडे कालव्याचं पाणी होतं, तिकडच्या भट्ट्या चालू होत्या, पण तिथे सगळा जिल्हा रांग लावून उभा. विटा मिळतील, पण कधी मिळतील ते भट्टीवाला सांगेना.

हे सगळं साडूंच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून, अंघोळसुद्धा न करता, तोंडावर काजळी तशीच घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. मी त्यांना इतकं खूष क्वचितच पाहिलं होतं. "पाव्हनं, मातीच्या इटंचं नाव काढू नका आता," ते म्हणाले. "राखेच्या इटा पाडू. इंजनाची राख, चुना आन् वाळू. चुन्याच्या घानीत बारीक दळायची, साच्यात ठोकून बसवायची. भाजायला नको, लाकूड नको, कोळसा नको. एकदा भाजून झालेलीच हाय की ती!" राख त्यांच्याकडे डोंगराएवढी पडून होती आणि ती कोणी उचलून नेली तर रेल्वे आनंदीच होती. मी मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे मनात नाही म्हटलं. ते साडूंच्या ध्यानात आलं असावं. कारण ते खाली बसले आणि जरा वेगळ्याच आवाजात बोलायला लागले.

त्यांच्या वडिलांचं रान होतं. थोरल्या भावाच्या घरासाठी विटा हव्या होत्या, म्हणून वडिलांनी रानातली वरची माती भट्टीवाल्याला उचलू दिली. काळी, भुसभुशीत, ज्वारीला सोन्यासारखी माती. भट्टीवाल्याने खणत खणत मुरूम लागेपर्यंत नेली. घर झालं. रानात खड्डा झाला, पुढे त्यात वेड्या बाभळी माजल्या, आणि खायला ज्वारी विकत आणायची वेळ आली. "घर नवं होतं, चुलीवर काय ठिवायचं ते न्हवतं," साडू म्हणाले. "म्हनून मी रेल्वेत आलो. माती खायाला देती, पाव्हनं. तिला भाजून भिताडात घालायची? आन् ही राख कुनाला नको म्हनून पडलीया. जिचं काम ऱ्हायलंय तिला मारायची, आन् जिचं काम संपलं म्हनत्यात तिला हुभं करायचं सोडून द्यायचं, हे मला आजून कळलेलं न्हाई." राखेच्या त्या सगळ्या डब्यांमागे आणि रेघांमागे हे रान होतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मनातलं 'नाही' मी मनातच पुसलं.

सासूबाईंना मात्र ही बातमी कळली आणि भिंगारात वीज पडली. राख दारात सांडली तरी त्या तिच्यावर पाणी शिंपडणाऱ्या. "आगं, लोक शिव्या देत्यात, घराची राखरांगोळी होवो म्हनून. तुमी ती आपल्या हातानं करून भिती बांधनार? मसनातली वस्तू ती. मी त्या घरात पाय ठिवायची न्हाई. सांग तुझ्या दाजींना." बायकोने येऊन हे मला सांगितलं आणि रडायला बसली. ज्यांच्यासाठी घर बांधायचं त्याच त्यात येणार नाहीत म्हणतात, आणि दुसऱ्या कशाने बांधावं तर तेही मिळत नाही, अशी आमची गत झाली. साडूंना त्याची काहीच क्षिती नव्हती. ते म्हणाले, "मामी येतील. भित हुभी राहू द्या."

मग केडगावच्या आमच्या जागेवर जे सुरू झालं ते बघायला पुणे रस्त्यावरच्या बैलगाड्या थांबायला लागल्या. गोणीत भरून राख यायला लागली. चुन्याच्या घाणीला एक हेला, म्हणजे रेडा, जुंपला. सकाळपासून तो दगडी चाक ओढत गोल गोल फिरायचा आणि चाकाखाली राख, चुना, वाळू दळली जायची. साडू सुट्टीच्या दिवशी दिवसभर आणि एरवी ड्युटी संपल्यावर हजर. ते साचा भरायचे, धुम्मसाने ठोकायचे आणि साचा उचलला की खाली उतरलेल्या करड्या, चौकोनी, देखण्या विटेकडे असे बघायचे की आपल्यालाच संकोच वाटावा. विटा उन्हात मांडल्या. उन्हाला त्या साली तोटा नव्हताच. आठवडाभरात विटा पांढऱ्याफटक, खडखडीत वाळल्या. साडू म्हणाले, "झाल्या." चौकट बसवायचा मुहूर्त धरला. आणि मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी गवंडीबुवांनी, वीट बांधायच्या आधी रात्रभर भिजलीच पाहिजे या त्यांच्या पिढीजात शिस्तीप्रमाणे, त्या सगळ्या विटा, विकतच्या पाण्याने भरून घेतलेल्या हौदात सोडल्या. साडू शेजारी उभे राहून एकेक वीट हातात देत होते.

सकाळी आम्ही नारळ, हळदकुंकू घेऊन गेलो तर हौदात विटा नव्हत्या. हौदात पिठलं होतं. गवंडीबुवांनी आत हात घातला, तळापर्यंत ढवळून बघितलं, आणि कोपरापर्यंत करडा झालेला हात बाहेर काढून म्हणाले, "आता हे वाढायचं कुनाला?" ते हसले नाहीत, आम्हीही हसलो नाही. साडू हौदाच्या काठावर बसले. या माणसाला मी त्याआधी कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. वांगी मेली तेव्हा बोलले, माझे केस गेले तेव्हा तर खूपच बोलले; त्या सकाळी त्यांनी फक्त पाण्यात बोट बुडवलं, बाहेर काढलं, आणि त्याच्याकडे बघत राहिले. मला राग आला होता, पण तो त्यांच्यावर काढायचं बळ होईना. मी मनाशी ठरवलं की आता श्रीरामपूरला जायचं, भट्टीवाल्याच्या दारात बसायचं, आणि मिळेल तेव्हा मिळेल ती मातीची वीट आणायची. वैशाखाचं काय, हा विचार मी मुद्दामच केला नाही.

एवढ्यात रस्त्यावर टांगा थांबला आणि त्यातून सासूबाई उतरल्या. चौकटीला निदान बाहेरून हळदकुंकू वाहावं म्हणून त्या आल्या होत्या. आत पाय ठेवायचा नाही हे ठरलेलं होतंच, पण अजून आत असं काही नव्हतंच, त्यामुळे त्या सरळ हौदापाशी आल्या. आम्हाला वाटलं आता उद्धार होणार. त्यांनी पिठल्याकडे पाहिलं, मग साडूंकडे पाहिलं. साडूंचा चेहरा बघून असावं, पण त्यांचा आवाज खाली आला.

"जावईबापू, पाडल्यावर किती दिस ठिवल्या हुत्या?"

"आठवडा ठिवल्या की, मामी."

"कुठं?"

"उन्हात. चांगल्या कडक वाळवल्या."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आठ दिसांची बाळंतीन उन्हात बसवली! आन् वर रातभर थंड पान्यात! मग काय व्हनार तिचं? अवो, अंग कच्चं असतंय. वारं लागू द्यायचं न्हाई, ऊन लागू द्यायचं न्हाई. झाकून, ओलाव्यात, सव्वा म्हयना. सव्वा म्हयन्यानं मग काय बी करा तिला."

गवंडीबुवा हात धूत होते, ते थबकले. "म्हातारीचं खरं हाय," ते म्हणाले. "चुन्याचा गिलावा केला तर आपन ओलाच ठिवतो की. चुना ओलाव्यात धरतो. मातीच्या इटंगत वाळवली तिथंच चुकलं. माझ्या बी टकुऱ्यात आलं न्हाई, वीट म्हनल्यावर उन्हातच." साडूंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जे काही परत आलं ते मी पाहिलं, आणि श्रीरामपूरला जायचा बेत मी तिथल्या तिथे मोडला. वैशाखाला जेमतेम वेळ होता. पण मातीच्या विटेची वाट बघण्यातही वेळच जाणार होता, आणि वाट बघायचीच तर आपल्या माणसांबरोबर बघावी, असं मला वाटलं.

पुन्हा हेला जुंपला, पुन्हा साचे भरले. आणि त्यानंतरचा सव्वा महिना आमच्या जोत्यावर जे बाळंतपण झालं तसं सासूबाईंनी स्वतःच्या लेकींचंही केलं नसेल. जोत्यावर पाचटाचा मांडव घातला. खाली विटा मांडल्या, त्यांच्यावर ओली पोती पांघरली. सासूबाई सकाळच्या गाडीने भिंगारहून यायच्या आणि मांडवाच्या तोंडाशी पोतं अंथरून बसायच्या, ते दिवेलागणीपर्यंत. बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय मांडवात यायचं नाही. गवंडीबुवांनी विडी रस्त्यापलीकडे जाऊन ओढायची. "काय झ्याक झाल्यात इटा," असं कोणी म्हटलेलं सासूबाईंना मुळीच खपायचं नाही, दृष्ट लागेल म्हणून. सगळ्यांत जास्त बोलणी साडूंना बसायची, कारण ते दर थोड्या वेळाने पोत्याचं टोक उचलून आत डोकवायचे. "सारकं सारकं उघडून बघू नका, जावईबापू, वारं लागंल," असा आवाज आला की रेल्वेतला हा मुकादम, ज्याच्या आवाजाने इंजिनखालची माणसं हलायची, शाळेतल्या पोरासारखा हात मागे घ्यायचा.

खरा प्रश्न पाण्याचा होता. माणसांना प्यायला पाणी नव्हतं तिथे विटांना कुठलं? पण दुष्काळात संसार केलेल्या बाईला पाणी नाही असं कधी म्हणायची सवय नसते. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी, सगळं केडगावच्या दिशेने निघालं. आम्ही परातीत आणि घंगाळात उभं राहून अंघोळ करायला लागलो, म्हणजे पाणी वाया जायला नको. साबण बंद. का, तर "कोवळ्या अंगाला झोंबंल." साडूंच्या क्वार्टरमधून एक, आमच्या घरून एक, असे दोन डबे सायकलला अडकवून मी रोज सकाळी तारघरात जायच्या आधी केडगावला नेऊन ओतायचो, आणि सासूबाई ते पाणी ओंजळीने, हलक्या हाताने पोत्यांवर शिंपडायच्या. येणारेजाणारे विचारायचे, "काय आजी, बाळंतीण बरी हाय ना?" त्या गंभीरपणे सांगायच्या, "बरी हाय. गुटी देती रोज." एका खट्याळ शेजारणीने चेष्टेने डिंकाचे चार लाडू पाठवले. सासूबाईंनी ते ठेवून घेतले आणि घाणीच्या हेल्याला खाऊ घातले. "त्यो राबलाय," त्या म्हणाल्या.

या सगळ्या गडबडीत राख अशुभ असते ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून केव्हा गेली ते कोणाला कळलं नाही. बायकोला एकदा आठवण करून द्यायची सुरसुरी आली होती, मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

सव्वा महिना झाला. गवंडीबुवांनी पुन्हा हौद भरला. पण यावेळी एकच वीट सोडली. ती रात्र आमच्या घरात कशी गेली ते विचारू नका. सकाळी सगळे हौदाभोवती जमलो. साडूंनी नवा सदरा घातला होता. पाणी नितळ होतं, एवढं मी पाहिलं, पण माझा त्याच्यावर विश्वास बसेना. गवंडीबुवांनी हात घातला आणि वीट बाहेर काढली. चारी कोपरे जागच्या जागी. त्यांनी ती दुसरीवर वाजवली. मातीच्या विटेसारखी ठणकन नाही वाजली; जरा जड, घुमल्यासारखी वाजली. गवंडीबुवांनी ओठ मुडपले. मग त्या जुन्या भट्टीवरून नमुन्याला आणलेली मातीची वीट त्यांनी खाली दगडावर ठेवली, राखेची वीट छातीइतकी वर धरली आणि सोडून दिली. बायकोने डोळे मिटले. आवाज झाला. खालच्या विटेचे दोन तुकडे झाले होते आणि वरची बाजूला घरंगळून निवांत पडली होती. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता तेवढाच. गवंडीबुवा म्हणाले, "बांधतो."

मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. परीक्षेत पास झालो, नोकरी लागली, लग्न ठरलं, तेव्हाही नाही. बायको हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि साडू? मला वाटलं आता मोठं भाषण होणार. ते खाली बसले, ती ओली वीट उचलून त्यांनी मांडीवर घेतली, नव्या सदऱ्याची पर्वा न करता, आणि सासूबाईंना म्हणाले, "मामी, न्हानं झालं हिचं. नाव काय ठिवायचं?" सासूबाई म्हणाल्या, "आदी भिताडात बसवा. नावं ठिवायला लोक हायेत की."

भिंती भराभर चढल्या. सासूबाईंची खोली आधी पुरी केली, वर पत्रे टाकले, दार बसवलं, आणि भिंगारच्या लग्नाचा मांडव पडायच्या आदल्या दिवशी एका बैलगाडीत त्यांचं जातं, पेटी, तुळस आणि त्या स्वतः, अशी सगळी मिरवणूक केडगावला आली. दारात आल्यावर त्या थांबल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, राख अशुभ असते ते आठवलं वाटतं. त्यांनी भाकरतुकडा मागवला, घराच्या चारी कोपऱ्यांवरून ओवाळून लांब टाकला. मग कनवटीची काजळाची डबी काढली, बोट बुडवलं, आणि दाराशेजारच्या करड्या भिंतीला, बाळाच्या गालाला लावतात तशी, एक तीट लावली. "लई गोरीगोमटी झालीया," त्या म्हणाल्या, "कुनाची नजर लागंल." आणि उजवा पाय पुढे टाकून आत गेल्या. साडूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या सदऱ्यावर उठलेला राखेचा पंजा बरेच दिवस निघाला नाही.

त्या विटांचा थोडा साठा उरला होता. तो सासूबाईंनी परसात रचून ठेवला आणि त्याला कोणाला हात लावू दिला नाही. तुळशीचं वृंदावन करू म्हटलं, नको. मोरी बांधू म्हटलं, नको. आम्हाला वाटलं, म्हातारपणचा हट्ट. पुढे साडू निवृत्त व्हायला आले. जन्मभर ते मातीच्या विटांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिले होते. दुनियेला राखेचं घर बांधायला सांगणाऱ्या या माणसाने स्वतःचं घर बांधलंच नव्हतं. मुलं आपापल्या गावी लागली होती, क्वार्टर सोडायचं होतं. पण साडू त्याबद्दल कोणाशी बोलत नव्हते. आमच्याकडे येत, चहा घेत, राखेचे गुण सांगत, आणि परत जात. एके दिवशी ते उठून निघाले तशा सासूबाई आतून म्हणाल्या, "जावईबापू, त्या परसातल्या इटा मी कुनासाठी ठिवल्यात? देवासाठी? अक्काला घिऊन या आन् बांधून घ्या खोली. सव्वा म्हयना का, आता तर किती वरसं मुरल्यात त्या." साडू उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. शेवटी ते म्हणाले, "घानीतला चुना मीच मळीन," आणि तोंड फिरवून बाहेर गेले.

सासूबाई आणि साडू यांच्या खोल्यांना मधली भिंत एकच होती. सकाळी भिंतीच्या अलीकडून जात्याचा आवाज यायचा आणि पलीकडून साडूंचा, कोणालातरी काहीतरी पटवून देत असल्याचा. वाफेची इंजिनं एकेक करून बंद झाली, राखेचे ढीग गेले. आता तशी वीट पाडायची म्हटली तरी पाडता येणार नाही. सासूबाई गेल्यावर दर दिवाळीला चुना दिल्यानंतर दाराशेजारची ती तीट साडू नव्याने लावायचे. डबी त्यांनी मागून घेतली होती. मग तेही गेले, अक्काही गेली.

गेल्या दिवाळीला रंग द्यायला आलेल्या माणसाने हात थांबवून विचारलं, "साहेब, ह्यो काळा डाग कसला? घासून काढू का?" मी त्याला म्हटलं, राहू दे, तेवढी जागा सोडून बाकीचं रंगव. तो गेल्यावर मी आत जाऊन डबी शोधली, काजळ वाळलं होतं, बोटाने जरा ओलं केलं, आणि भिंतीपाशी उभा राहिलो. बायको मागून म्हणाली, "जरा ठळक लावा. दाजी ठळक लावायचे."

मी ठळक लावली.